घेवड्याचं नाव कुणी नेलं?

पुण्याच्या मंडईत ‘पाव किलो घेवडा द्या’ म्हटलं, तर बहुतेक गाळ्यांवर तराजूत फरसबी पडते. साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यात घेवडा म्हणजे अंगावर वाघासारखे पट्टे असलेला सुका दाणा, वाघ्या घेवडा. रायगडातल्या एखाद्या म्हातारीला घेवडा विचारला, तर ती परसातल्या मांडवाकडे बोट करील, आणि तिथे जांभळ्या फुलांची, चपट्या शेंगांची एक भलीच वेल चढलेली असेल. मंडईतला आणि कोरेगावातला घेवडा एका जातीचे. मांडवावरचा वेगळ्याच जातीचा, आणि तोच आपला जुना. बाकीचे दोघे समुद्रापलीकडून आलेले.

हा जुना घेवडा म्हणजेच वाल. म्हणजेच पावटा. कोल्हापूर-सांगलीकडे गेलात तर वरणा (वारणा नदीचा आणि त्याचा संबंध जोडू नये). शेंग रुंद आणि पातळ असली की पापडी किंवा वालपापडी. दाणे भिजवून, मोड आणून, सोलले की डाळिंब्या किंवा बिरडं. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही सगळी एकच जात आहे, लॅबलॅब पर्प्युरिअस. आपल्या भाषेला मात्र ती एक आहे असं कधी वाटलेलं दिसत नाही. भाषेने ही वेल जिथे पाहिली तिथे तिला नाव दिलं. मांडवावर एक, खळ्यावर दुसरं, सोनाराच्या काट्यावर तिसरं, भिजवलेल्या पातेल्यात चौथं. त्यामुळे ही नावं एकमेकांचे पर्याय आहेत असं कोश सांगतात ते पूर्ण खरं नाही. वाल आणायला सांगितल्यावर कुणी पावटे आणले, तर घरात बोलणी बसतात, आणि ती योग्यच असतात.

आधी घेवड्याचा निकाल लावू, कारण नाव बळकावल्याची तक्रार त्याचीच आहे.

फरसबी आणि राजमा ही दोन्ही एकाच झाडाची रूपं. कोवळी शेंग खाल्ली तर फरसबी, पिकलेला दाणा खाल्ला तर राजमा. हे झाड मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. मिरची, बटाटा, टोमॅटो यांच्यासारखंच ते पोर्तुगीज आणि त्यांच्यामागून आलेल्या युरोपीय लोकांबरोबर आपल्याकडे पोचलं. ‘फरसबी’ या शब्दात फ्रेंच माणूस अजून ऐकू येतो. नवी भाजी आली की तिला नाव लागतं, आणि लोक सहसा नवं नाव घडवत बसत नाहीत. दिसायला जवळची जी जुनी भाजी असेल तिचं नाव उचलतात आणि पुढे एखादं विशेषण लावतात. ‘श्रावणघेवडा’ हा शब्द असा घडला असं माझं मत आहे, आणि त्याचा पुरावा कोशापेक्षा शेतात जास्त चांगला सापडतो.

जुना घेवडा श्रावणात येतच नाही. पावसाच्या तोंडावर बी टोकलं, तर वेल आषाढ-श्रावण नुसती वाढते. मांडव भरते, कुंपण गिळते, शेजाऱ्याच्या पेरूवर जाते, पण फुलाचं नाव काढत नाही. दिवस लहान आणि रात्र मोठी होऊ लागली की मगच तिला फुलायची बुद्धी होते. शास्त्रज्ञ अशा झाडांना लघुदिवसी म्हणतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला तुरे येतात आणि मार्गशीर्ष-पौषात शेंगांनी वेल वाकते. खतपाणी वाढवून यात फरक पडत नाही, कारण वेलीचं घड्याळ सूर्यावर लावलेलं आहे. तेव्हा ज्या लोकांना घेवडा म्हणजे थंडीतली भाजी हे पक्कं ठाऊक होतं, त्यांच्यापुढे श्रावणात घेवड्यासारखी एक कोवळी, लांबट शेंग आली, तर ते तिला काय म्हणणार? श्रावणातला घेवडा. त्या एका विशेषणात दोन गोष्टी कबूल झालेल्या आहेत. खरा घेवडा दुसरा आहे, आणि त्याचा हंगामही दुसरा आहे.

पुढे जे व्हायचं तेच झालं. पाहुणा वर्षभर मिळू लागला, हॉटेलात गेला, पुलावात पडला, आणि बोलण्याच्या घाईत ‘श्रावण’ गळून नुसता ‘घेवडा’ उरला. मूळ घेवड्याला मग आपल्याच घरात ‘वालाचा घेवडा’, ‘वालघेवडा’ अशी ओळख सांगावी लागली. उत्तरेत हाच प्रकार राजम्याच्या बाबतीत घडला. ‘राजमा’ हे संस्कृत ‘राजमाष’चं रूप, आणि राजमाष म्हणजे चवळी. अमेरिकेतला दाणा आला आणि चवळीची राजवस्त्रं अंगावर घालून बसला. चवळीने ती परत मागितलेली नाहीत.

वाघ्या घेवड्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कोरेगावच्या मातीचा तो मान आहे आणि तो रास्त आहे, कारण चव मातीने आणि हवेने घडते, जन्मगावाने नाही. पण नावापुरतं बोलायचं तर सरकारी कागदावर आता घेवडा म्हणजे अमेरिकेतून आलेलं झाड हे पक्कं झालं. जुन्या घेवड्याचा दावा त्याच दिवशी मुदतबाह्य झाला म्हणायचा.

आता वाल. हा शब्द मला या सगळ्या गोतावळ्यात सर्वांत भारदस्त वाटतो, अक्षरशः भारदस्त, कारण तो एक वजन आहे. जुन्या सराफांच्या बोलण्यात ‘वालभर सोनं’ असे. तीन गुंजांचा एक वाल. 8 गुंजांचा मासा आणि 12 माशांचा तोळा, म्हणजे 96 गुंजांचा तोळा, हा हिशेब धरला तर 32 वाल एका तोळ्यात बसतात. 11.66 ग्रॅमच्या तोळ्याने पाहिलं तर वाल म्हणजे 0.36 ग्रॅमच्या आसपास. गुजरातेतही हेच वजन याच नावाने चाले. 1956 च्या वजनमापांच्या कायद्यानंतर दशमान पद्धत आली आणि वाल काट्यावरून उतरला. गुंज निदान ‘गुंजभर’ या शब्दात तरी राहिली, वालाच्या वाट्याला तेही आलं नाही.

हे कोष्टक किती जुनं? भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ लिहिली शके 1072 मध्ये, म्हणजे इ.स. 1150. तिच्या सुरुवातीच्या परिभाषेत ते सांगतात की दोन यवांची गुंज, तीन गुंजांचा वल्ल, आठ वल्लांचं धरण आणि दोन धरणांचं गद्याणक. वल्ल म्हणजेच वाल. भास्कराचार्यांच्या नातवाने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे. म्हणजे साडेआठशे वर्षांपूर्वीचा गणिती आणि कालपरवाचा पेठेतला सोनार एकाच शब्दाने आणि एकाच मापाने सोनं मोजत होते. तीन गुंजा तेव्हाही, तीन गुंजा कालपरवाही. मराठीतले फार थोडे शब्द अर्थ आणि आकडा दोन्ही सांभाळून इतकं लांब चालत आलेले आहेत.

दाणा आधी की वजन आधी? मला यात फारशी शंका वाटत नाही. आपली जुनी बारीक वजनं सगळी शेतातून आणि रानातून आली. यव म्हणजे जव. गुंज म्हणजे रानातल्या वेलीची लाल-काळी बी. माष म्हणजे उडीद, ज्याचा पुढे मासा झाला. या पंगतीत वल्ल हेही बीच असणार. गंमत अशी की या बियांपैकी सगळ्या आपल्या नावाला जागत नाहीत. लीलावतीतला माष पाच गुंजांचा आहे, आणि उडदाचा एक दाणा पाच गुंजा भरायचा तर तो बोराएवढा हवा. वालाचं तसं नाही. टपोऱ्या वालाचे शंभर दाणे तीस ग्रॅमच्या आगेमागे भरतात. म्हणजे एक दाणा तीन गुंजांच्या पुष्कळच जवळ येतो. नावाप्रमाणे वजन देणारी ही वस्तू सराफात वापरली गेली हे योग्यच झालं.

‘वल्ल’ आणि ‘वल्ली’ यांचं नातं लावण्याचा मोह कुणालाही होईल. वल्ली म्हणजे वेल, आणि वाल ही वेलीचीच जात. संस्कृतात मुरडणं, वळणं, वेढणं अशा अर्थाचा एक धातू आहे, त्याच्या अंगणात ही दोन्ही माणसं उभी दिसतात. याला एक जोडसाक्ष अरबी भाषेतून मिळते. वनस्पतिशास्त्रातलं ‘लॅबलॅब’ हे नाव अरबी ‘लबलाब’वरून आलं, आणि लबलाब म्हणजे गुंडाळत चढणारी वेल. प्रॉस्पेरो अल्पिनी या इटालियन वैद्याने इजिप्तमध्ये ही वेल पाहिली आणि 1592 च्या आपल्या पुस्तकात तिथल्या नावासकट तिची नोंद केली. लिनियसने 1753 मध्ये तिला ‘डॉलिकॉस लॅबलॅब’ म्हटलं. नंतर तिची प्रजाती वेगळी काढली गेली आणि 1826 मध्ये रॉबर्ट स्वीट याने आजचं ‘लॅबलॅब पर्प्युरिअस’ रूढ केलं. पर्प्युरिअस म्हणजे जांभळी. अरबांनी तिचं चढणं पाहिलं, युरोपीयांनी तिचं फूल पाहिलं. इंग्रजीतही तिला हायसिंथ या फुलझाडाचं नाव जोडलेलं आहे, आणि तिकडे अजून बऱ्याच बागांत ती शोभेसाठीच लावतात. उसळ करून खायची वस्तू कमानीवर चढवून नुसती बघत बसायचं, हे आपल्या पचनी पडायला जड आहे.

गुजरातीत वाल आहेच, शिवाय वालोळ आहे, राजस्थानात बालोर आहे. हिंदी सेम आणि बंगाली शिम मात्र दुसऱ्या घराण्यातले, संस्कृत ‘शिंबी’चे वारस. भावप्रकाशात या दाण्याची नावं एका ओळीत दिली आहेत. निष्पाव, राजशिंबी, वल्लक, श्वेतशिंबी. म्हणजे सोळाव्या शतकातल्या वैद्यालाही ही नावांची गर्दी ठाऊक होती. गोव्यात आणि तळकोकणात ‘वाली’ म्हटलं की चवळीच्या जातीच्या हातभर लांब शेंगा पुढे येतात. पुण्याच्या माणसाने तिथे वालीची भाजी मागवून वालाच्या शेंगांची वाट पाहू नये.

यादीतलं पहिलं नाव, निष्पाव, पाणिनीइतकं जुनं आहे. अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायातल्या तिसऱ्या पादाचं 28 वं सूत्र दोन शब्द सिद्ध करतं, निष्पाव आणि अभिलाव. अभिलाव कापण्याच्या धातूवरून, निष्पाव शुद्ध करण्याच्या धातूवरून. शेतकऱ्याच्या डोळ्याने वाचलं तर सूत्र सरळ आहे. आधी कापणी, मग पाखडणी. निष्पाव म्हणजे पाखडणं, आणि जे पाखडून हाती येतं तेही निष्पावच. हे नाव खळ्यावर ठेवलेलं आहे. मांडवावरची हिरवी शेंग खुडून खाणाऱ्याला ते सुचणार नाही. वाळलेली वेल उपटून, खळ्यावर टाकून, झोडपून, सुपाने फोलपट उडवून जो दाणा खाली राहतो तो पाहणाऱ्याला ते सुचेल.

प्राकृतात याचं ‘णिप्फाव’ झालं. जैनांच्या भगवतीसूत्रात धान्याचं बी साठवणीत किती काळ जिवंत राहतं याची एक चर्चा आहे. साळी वगैरे तृणधान्यांना तीन वर्षं, मसूर, मूग, माष, कुळीथ, णिप्फाव या कडधान्यांना पाच वर्षं, जवस-करडई यांच्या गटाला सात. आजच्या बीजपरीक्षण प्रयोगशाळेला हे आकडे कितपत मानवतील ते सोडा, पण कोठारातलं बी उगवेल का ही शेतकऱ्याची चिंता धर्मग्रंथात आली याचं मला कौतुक वाटतं. त्याच यादीत ‘आलिसंदग’ आहे. गोव्यात आजही ज्या चवळीला आळसांदे म्हणतात तेच हे नाव. काही अभ्यासकांनी ते थेट अलेक्झांड्रियापर्यंत नेऊन भिडवलं आहे. बोटीने यायचं तर एवढं लांबून येऊन एवढीशी चवळीच आणायची?

निष्पावातून पावटा निघाला, असं मी मानतो. ‘निष्’ हा उपसर्ग झिजून गेला आणि ‘पाव’ राहिला. पुढचा ‘टा’ आपला नेहमीचा, एकटा, चोरटा यांच्यात दिसतो तो, जरा लाडाचा आणि जरा हिणवण्याचा. (मिसळीबरोबरचा पाव पोर्तुगीज. त्याचा इथे काही संबंध नाही.) हिणवणं तर पावट्याला चांगलंच चिकटलं आहे. ‘ए पावट्या!’ ही हाक शाळेत ज्याने खाल्ली नाही असा मुलगा विरळा. वाटाणा, हरभरा, मसूर यांना शिवीचा दर्जा मिळाला नाही, पावट्यालाच का मिळाला? माझा संशय त्याच्या आकारावर आणि त्याच्या वातूळ स्वभावावर आहे. गोल, गुबगुबीत, बिनधारेचा दाणा, आणि खाल्ल्यावर पोटात गोंधळ घालणारा. बिनकामाच्या माणसाचं वर्णन आणखी काय असतं?

हा वातूळपणा सगळ्या जगाला मान्य आहे असं मात्र नाही. आपल्याकडे बाळंतिणीच्या ताटात पावटा कुणी वाढणार नाही. केनियातल्या किकुयू लोकांत हाच दाणा, काळ्या रंगाचा, ‘न्जाही’ या नावाने बाळंतिणीला मुद्दाम शिजवून घालतात, दूध यावं म्हणून. या वनस्पतीचे रानटी नातेवाईक आफ्रिकेतलेच. दख्खनमध्ये मात्र ती फार जुन्या काळी रुजली. कर्नाटकातल्या नवाश्मयुगीन वस्त्यांच्या उत्खननांत साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या थरांत तिचे जळके दाणे मिळालेले आहेत. इतकी वर्षं घरात असलेल्याला पाहुणा म्हणता येत नाही.

कर्नाटकात या दाण्याची जी बडदास्त आहे ती पाहून आपल्याला हेवा वाटावा. तिथलं नाव अवरे, तमिळमध्ये अवरै, आणि तमिळ संगमकाव्यात अवरैच्या फुलांचे उल्लेख आहेत. जानेवारीत बेंगळुरूला अवरेबेळेची जत्रा भरते आणि डोशापासून जिलबीपर्यंत सगळ्यांत अवरे घालतात. ताज्या शेंगेवर एक तेलकट, उग्र वासाचा थर असतो. हात लावला की बोटांना वास राहतो. त्या वासाला कन्नडमध्ये स्वतंत्र शब्द आहे, सोगडु. थंडीत दव पडलं की सोगडु वाढतो आणि गिऱ्हाईक शेंग हुंगून भाव ठरवतं. आपल्याकडे तो वास आहे, शब्द नाही. आपण ‘उग्र वास येतो’ म्हणून मोकळे होतो, जणू शेंगेचा काही दोष आहे.

बेंगळुरूच्या नावाची गोष्टही याच दाण्यावर उभी केलेली आहे. होयसळ राजा वीर बल्लाळ रानात वाट चुकला, एका म्हातारीने त्याला उकडलेले दाणे खायला दिले, म्हणून ते ‘बेंद-काळ-ऊरु’, उकडलेल्या दाण्यांचं गाव. गोष्ट गोड आहे. पण हा बल्लाळ बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, आणि बेगूरच्या नागेश्वर मंदिरातल्या गंगकालीन शिलालेखात, इ.स. 890 च्या सुमाराला, बेंगळूरुच्या लढाईचा उल्लेख आहे. राजा जन्मण्याआधी अडीचशेच्या आसपास वर्षं गावाला नाव होतं. लोकव्युत्पत्तीचा हा नमुना शिकवण्यासारखा आहे, कारण त्यात खोटं काय ते शिलालेखाने सांगितलं आणि खरं काय तेही उरलंच. त्या भागात पाहुण्याच्या पुढे पटकन काय ठेवलं जात असे ते या गोष्टीतून कळतं.

कन्नडमध्ये ‘हितिकिद बेळे’ म्हणून एक प्रकार आहे. ओले अवरे पाण्यात भिजवायचे आणि एकेक चिमटीत धरून दाबायचा. साल हातात राहते आणि दाणा पुढे उडतो. हितिकिद म्हणजे दाबून काढलेली. आपल्याकडे हेच काम सुक्या कडव्या वालांवर होतं. रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकायचे आणि मग घरातली सगळी मोकळी माणसं भोवती बसवून सोलायचे. कन्नड माणसाने नाव क्रियेला दिलं. आपण नाव दिलं ते निघालेल्या दाण्याला, डाळिंबी. सालीतून सुटलेला, ओला, तुकतुकीत दाणा पाहून कुणाला तरी डाळिंब आठवलं. या शब्दाचा उच्चार पाहा. संस्कृत ‘दाडिम’मधला द मराठीत ड झाला आणि ड चा ळ झाला. ज्याची त्याची जागा एकेक पायरी सरकली आणि शेवटी म च्या सोबतीला एक ब येऊन बसला.

‘बिरडं’ या शब्दालाही अशाच सरकासरकीतून आलेला मानायची माझी तयारी आहे. दोन दलं वेगळी झालेल्या धान्याला संस्कृतात विदल म्हणतात. व चा ब, ल चा र किंवा ड, आणि मधल्या व्यंजनांची अदलाबदल, हा मार्ग जरा खडबडीत आहे, पण चालण्यासारखा आहे. अर्थाची बाजू जास्त भक्कम. कारण बिरडं हे वालाचं नाव नाहीच. कायस्थ प्रभूंच्या घरी वालाचं बिरडं श्रावणी सोमवारी ठरलेलं, पण मुगाचंही बिरडं असतंच. म्हणजे भिजवून, मोड आणून, सोलून दलं मोकळी केलेलं जे काही असेल ते बिरडं. त्यात वालाचा मान मोठा, कारण त्याची साल सर्वांत चिवट आणि कडवट. साल काढण्याला नुसत्या चवीचंच कारण नाही. वालाच्या सुक्या दाण्यात, विशेषतः गडद रंगाच्या, पोटात गेल्यावर सायनाइड सुटेल अशी द्रव्यं थोड्या प्रमाणात असतात. भिजवणं, पाणी फेकणं, सोलणं, नीट उकळणं या सगळ्याने ती जातात. सुके वाल कच्चे किंवा अर्धकच्चे खाऊ नयेत. आजीने हे रसायन शिकलेलं नव्हतं, पण भिजवलेलं पाणी ती ओतून देत असे.

रायगडात थंडीत शेतावर पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ऐपत असेल तसं कोंबडीचं मांस, वर पुन्हा पाला दाबायचा, मडकं उपडं करायचं आणि भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही. नाव पोपटी का, यावर उत्तर ठरलेलं असतं, शेंगा पोपटी रंगाच्या म्हणून. मला ते तितकं पटत नाही. गुजरातीत हरभऱ्याच्या हिरव्या घाट्याला ‘पोपटो’ म्हणतात. आपल्याकडे पातळ आवरणातल्या रानफळालाही पोपटी म्हणतात. दोन्हीकडे पोकळ हिरव्या वेष्टनात दाणा असा अर्थ आहे. वालाची शेंग त्यात सहज बसते, पक्ष्याला बोलवायची गरज पडत नाही. वलसाडकडचं उंबाडियुं हे पोपटीचं सख्खं भावंड, आणि सुरतेच्या उंधियूचं नाव तर ‘ऊंधुं’ म्हणजे उपडं यावरूनच. भाजी घरात कढईत शिजू लागली तरी नाव मडक्याच्या उपडेपणाचंच राहिलं.

पोपटीसाठी शेंग लागते ती भातशेतीतल्या वालाची. कोकणात भात कापून झालं की जमिनीत जी ओल उरते तिच्यावर वाल पेरतात. पुढे पाणी नाही, फारसं खत नाही. मूळ खोल जातं आणि थंडीतलं दव पानांना आधार देतं. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत साठवतात, तो पुढच्या भाताला मिळतो. मावा हा याचा मुख्य शत्रू. कोवळ्या शेंड्यांवर काळा थर धरतो. परसातल्या वेलीवर तो दिसला की शेंडे खुडून टाकावेत आणि जोरदार पाण्याने धुवावं. लगेच फवारणीकडे धावू नये, कारण मावा खाणारे ढालकिडेही तिथेच असतात.

आता शेवटची गंमत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण भूषण’सारखे झुडुपी वाण काढले. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने ‘अर्का जय’, ‘अर्का विजय’ हे असे वाण दिले की ज्यांना दिवस लहान होण्याची वाट पाहावी लागत नाही. मांडव नको, थंडी नको, कमरेच्या आतच उंची आणि कोणत्याही हंगामात शेंगा. म्हणजे खरा घेवडा आता खुशाल श्रावणात येऊ शकतो. ज्या कारणाने फरसबीला ‘श्रावणघेवडा’ म्हणावं लागलं ते कारणच उरलेलं नाही. पण नाव परत मिळण्याची वेळ टळून गेली आहे आणि ते ओढून आणण्यात अर्थ नाही. फरसबीला घेवडा म्हणणाऱ्या भाजीवालीला सुधारायला जाऊ नका, ती ऐकणार नाही आणि तिचं बरोबर आहे. भाषेत कब्जा ज्याचा त्याची मालकी.

बी घेताना मात्र नावावर जाऊ नका. नुसतं ‘घेवड्याचं बी’ मागितलंत तर काय मिळेल त्याचा नेम नाही. वेल हवी की झुडूप, शेंग खायची की दाणा, बी कडवं की गोडं, आणि फुलायला थंडी लागते की नाही, हे चार प्रश्न दुकानदाराला विचारा. परसात जागा आणि मांडव असेल तर जुना, लांब वेलीचाच वाण घ्या, जूनमध्ये टोका आणि दिवाळीपर्यंत धीर धरा. सुके दाणे घेत असाल आणि वाण्याने घेवडा, रंगून वाल, डबल बी, पावटा अशी पोती दाखवली, तर दाणा हातात घेऊन त्याची कड बघा. वालाच्या आणि पावट्याच्या दाण्याला कडेने वर आलेली लांब पांढरी रेघ असते. राजम्याला आणि डबल बीला ती नसते.